चटकेसाहेब

साहेबांना कोणी नमस्कार केला की ते आधी त्याची बाही चिमटीत धरून बघत आणि मगच हात जोडत. माणूस ओळखीचा असो वा नसो. एकदा एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाचा कोट असाच चाचपला, "लोकरीचा आहे, बरं आहे," असं पुटपुटले आणि आहेराची पुडी खिशात तशीच ठेवून पंगतीला जाऊन बसले. बायकांच्या पदराला ते अर्थातच हात लावत नसत, पण नजरेने तेच चाललेलं असे. मी पहिल्यांदा कामावर गेले त्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"सुती?" एवढंच विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग बसा."

परळला गिरण्यांच्या मधोमध एक खाजगी प्रयोगशाळा होती. आसपासच्या गिरण्यांचं कापड तिथे तपासायला येई. एका खोलीत ते ताणून बघत, एका खोलीत धुऊन बघत. अगदी शेवटची खोली आमच्या साहेबांची. तिथे कापडाला विस्तव लावत. बॉयलरवर, भट्टीपाशी, आगीच्या बंबावर काम करणाऱ्यांसाठी काही गिरण्या तेव्हा औषध लावलेलं कापड काढू लागल्या होत्या. ते आगीत किती टिकतं आणि आतल्या माणसाला किती वाचवतं, ते बघायचं काम साहेबांचं आणि आता माझं. प्रयोगशाळेतले शिपाई त्यांना मागून चटकेसाहेब म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. "नाव चुकीचं नाही," असं ते म्हणत.

त्यांच्यासमोर 'न जळणारं कापड' हे शब्द काढायची सोय नव्हती. प्रयोगशाळेच्या मालकांनी काढले तरी ते मध्येच थांबवत. "न जळणारं असं जगात काही नसतं. उशिरा जळणारं असतं. किती उशिरा, ते आम्ही सांगू." मालक हसून पुढे बोलायला लागत, आणि पुन्हा तोच शब्द आला की साहेब पुन्हा थांबवत. चहा ते गार झाल्याशिवाय पीत नसत. नाटकाला गेले तर दाराजवळची खुर्ची मिळेल तरच बसत, नाही तर तिकीट हातात घेऊन घरी. संध्याकाळी गॅसचा नळ बंद करून आम्ही दोघं बाहेर पडायचो, आणि परळच्या नाक्यावर आलो की त्यांचा चेहरा उतरायचा.

"बाई, नळ?"

"बंद केला, साहेब. तुम्हीच केलात. मी बघितलं."

"हो. बघितलंत ना तुम्ही?" म्हणत ते ट्रामपर्यंत येत, आणि ट्राम दिसली की उलटे वळून प्रयोगशाळेकडे चालायला लागत. एकदा गिरगावात घरी पोचून, हातपाय धुऊन, जेवायला बसलेले उठून परत आले होते म्हणे. नळ बंदच होता.

असा हा भित्रा माणूस, आणि काम काय करायचा ते पहिल्या आठवड्यात बघितलं तेव्हा मला घरी जेवण गेलं नाही.

एका लोखंडी चौकटीवर कापड ताणायचं. कापडाच्या एका अंगाला गॅसची ज्योत, आणि दुसऱ्या अंगाला साहेबांचा डावा हात. कोपरापर्यंत बाही वर केलेला, आतली गोरी बाजू कापडाकडे. मी घड्याळ धरायचं. हाताला चटका जाणवला की साहेब म्हणत, "आला." मी घड्याळ थांबवायचं आणि म्हणायचं, "काढा." मी काढा म्हटल्याशिवाय ते हात काढत नसत.

"तुमचा तुम्ही काढत का नाही?" मी एकदा न राहवून विचारलं.

"ज्याचा हात असतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, बाई. एक तर तो घाबरून आधीच काढतो, नाही तर हट्टाला पेटून तसाच ठेवतो. मी दोन्ही केलेलं आहे." मग चौकटीचे स्क्रू सैल करता करता म्हणाले, "कातडीला आधी चटका कळतो. फोड नंतर येतो. ह्या दोघांच्या मध्ये थोडी जागा असते. माणूस वाचतो तो त्या जागेत. चटका बसला की तो मागे हटतो. आपलं कापड जितका उशीर चटका बसू देत नाही, तितकं ते चांगलं. बाकी कापड काळं पडलं की पिवळं, ते बघायला धोबी आहेत."

सगळीकडे तेव्हा कापडाला ज्योत लावून ते पेटतं की नाही तेवढंच बघत. पेटलं नाही की पास. साहेबांचं म्हणणं असं, की कापड पेटलं नाही म्हणून मागचा माणूस भाजला नाही असं होत नाही. तवा कधी पेटतो का?

त्यांच्या हातावर जुन्या चट्ट्यांचे गोल होते. काही पांढरे, काही तांबूस, एकावर एक आलेले. ते कुठल्या कापडाचे, ते त्यांना पाठ होतं.

हट्टाबद्दल ते खरं बोलले होते. चटका बसूनही ते लगेच "आला" म्हणत नसत. कापड चांगलं निघावं अशी त्यांची इतकी इच्छा असे, की त्या इच्छेपायी ते थोडं सोसून घेत. पण त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा खोटं बोलत नसे. खरा चटका बसला की तो अंगठा चपलेतून वर उचलला जाई, आणि "आला" हा शब्द नंतर येई. मी हळूहळू घड्याळ अंगठ्यावर थांबवायला लागले. त्यांना हे कधी सांगितलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर प्रयोग असे. सकाळपासूनच माझं त्या अंगठ्याकडे लक्ष लागलेलं असायचं. तळहाताला घाम यायचा, घड्याळ निसटेल म्हणून मी ते रुमालात धरायची.

त्यांची विधवा बहीण त्यांच्याकडे राही. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या. मी एकदा साहेब आजारी असताना भेटायला गेले होते. बाई उंच, कडक, पण त्या दिवशी जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि माझा हात धरून थांबल्या.

"घड्याळ तूच धरतेस ना?"

"हो."

"मग जरा लवकर सांगत जा की. त्याला काय कळणार आहे? रात्री झोपेत हात उशाखाली जातो आणि ओरडून उठतो. तू जरा लवकर म्हटलंस काढा, तर कोणाचं काय जाणार आहे?"

 कोणाचं काय जाणार आहे, ते मला ठाऊक होतं. माझ्या दादाचं जाणार होतं.

मी लालबागची. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर दादाने शिक्षण सोडलं, गिरणीच्या बंबखात्यात लागला आणि मला मात्र कॉलेजात घातलं. प्रत्येक मोठ्या गिरणीला स्वतःचा पाण्याचा बंब आणि आग विझवणारी माणसं असत, कारण कापूस कधी पेट घेईल सांगता येत नसे. दादा त्यातला. जाडजूड खांदे, मोठा आवाज, आगीची भीती औषधाला नाही. आम्ही तपासायचो ते कोट शेवटी त्याच्यासारख्यांच्याच अंगावर जायचे. मी घड्याळ लवकर थांबवलं असतं तर चांगल्या कापडाला वाईट म्हटलं गेलं असतं. उशिरा थांबवलं असतं तर वाईटाला चांगलं. साहेबांच्या बहिणीला हे सांगून काय उपयोग होता? तिच्यासमोर तिचा भाऊ होता आणि माझ्यासमोर माझा.

दादाने त्या वर्षी भाऊबीजेला मला नायलॉनची साडी आणली. तेव्हा ती नवी टूम होती. मी ती हौसेने कामावर नेसून गेले. साहेबांनी दारातून बघितलं, आत आले, एकेक करून सगळे बर्नर विझवले आणि दिवसभर खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "साडी छान आहे. पण हे कापड जळत नाही, वितळतं आणि अंगाला चिकटतं. तुम्ही ती इथे नेसून आलात तर मला काम करता येणार नाही. माझे हात कापतात." खरोखरच कापत होते.

दादाला मी हे सांगितलं तर तो खूप हसला. "काय गो बाय, तुझा साहेब माणूस आहे की शेळी?"

ते दिवसच असे होते की घरातून गेलेला माणूस परत येईपर्यंत जिवात जीव नसे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, ह्यावरून सगळं शहर पेटलेलं. सभा, हरताळ, संचारबंदी. आज ह्या नाक्यावर अश्रुधूर, उद्या त्या नाक्यावर गोळीबार. आमच्या चाळीत बायका संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून रस्त्याकडे बघत, आणि आपलं माणूस दिसलं की काही न बोलता आत जाऊन चूल पेटवत. साहेब वर्तमानपत्र उघडत ते ट्राम किंवा बस जाळल्याची बातमी शोधायला. कोणी जाळली, का जाळली, हे ते विचारत नसत. "आत कोणी होतं का?" हे विचारत. गर्दीची त्यांना विलक्षण धास्ती. लांबून घोषणा ऐकू आली तरी ते एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढून भिंतीला टेकून उभे राहत. पण महाराष्ट्र झालाच पाहिजे असं त्यांचंही मत होतं. हे ते इतक्या हळू आवाजात सांगत की मला पुढे वाकून ऐकावं लागे.

अशात दादाच्याच गिरणीने बंबवाल्यांसाठी नवा कोट काढला. जाड सुती कापड, औषध लावलेलं, दिसायला रुबाबदार. मॅनेजरने गिरणीच्या आवारात सगळ्यांना बोलावून प्रात्यक्षिक केलं. आमचे मालक, साहेब, मी, सगळे होतो. गवत भरलेल्या बाहुल्याला कोट घातला आणि पेटता पलिता त्याच्या छातीशी धरला. कापड काळवंडलं, पण पेटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात दादाने.

साहेब पुढे गेले. त्यांनी बाहुल्याची बटणं काढली, आत हात घातला आणि मूठभर गवत बाहेर आणलं. ते तपकिरी झालं होतं.

"हे बघा," ते म्हणाले.

मॅनेजर सभ्य माणूस होता. "साहेब, गवत तपकिरी झालंय, पेटलेलं नाही."

"माणसाला इतकं तपकिरी व्हायला लागत नाही," साहेब म्हणाले.

त्यांनी त्या कापडाला दाखला दिला नाही. चौकटीवर ते कापड आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. प्रत्येक वेळी अंगठा लगेच वर. मग साहेबांनी त्याच्या मागे काय काय लावून बघितलं, आणि शेवटी कांबळ्यावर आले. आपलं साधं धनगरी कांबळं. कोटाला आतून ते सैल जोडलं, मध्ये थोडी हवा राहू दिली, की हात कितीतरी वेळ शांत राही. लालबागच्या एका शिंप्याकडून त्यांनी तसे दोन कोट शिवून घेतले. मॅनेजरने ते हातात घेऊन बघितले आणि परत दिले. "मुंबईच्या उकाड्यात हे कोण घालणार? आणि तोवर आमच्या माणसांनी उघड्या अंगाने जायचं का?" दाखल्यावाचूनच, तात्पुरते म्हणून, पहिले कोट बंबवाल्यांना वाटले गेले.

दादा तो कोट घालून घरी आला. आईने त्याची दृष्ट काढली. मी म्हटलं, "दादा, हा पास झालेला नाही. निदान आतून कांबळ्याचा तुकडा लाव. मी शिवून देते."

"कांबळं घालून ब्लोरूममध्ये गेलो तर आगीच्या आधी घामानेच मरेन." ब्लोरूम म्हणजे कापसाच्या गाठी फोडून पिंजतात ते खातं. तिथेच आगी जास्त लागत.

"चटका बसला तर लगेच बाहेर ये. ऐकतोस ना? लगेच."

"येईन गो. तुझा साहेब सांगतो तसाच येईन," असं म्हणून त्याने कोट खुंटीला लावला. मी तो खुंटीवरून काढून आत हात घालून बघितला. आतून अस्तरही नव्हतं. आई म्हणाली, "त्या कोटाक काय बघतंस इतक्या?" 

मग एका हरताळाच्या दिवशी ती आग लागली. प्रयोगशाळेत आम्ही मोजकी माणसं पोचलो होतो. दुपारी साहेब खिडकीशी उभे होते. लालबागच्या बाजूला धूर दिसत होता. काळा नाही, पांढरट, दाट. कापसाचा धूर असा असतो हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"तुमचे बंधू आज कामावर आहेत?"

"आहेत."

ते कपाटाशी गेले, कांबळ्याचे दोन्ही कोट काढले, एका चादरीत बांधले आणि म्हणाले, "चला."

ट्राम बंद होत्या. रस्त्यावर दगड, फुटक्या बाटल्या, मध्येच आडवी टाकलेली हातगाडी. साहेब गाठोडं छातीशी धरून भिंतीच्या कडेकडेने चालत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. भारतमाता सिनेमाच्या अलीकडे मोठा जमाव होता. मला वाटलं, आता हे उलटे फिरणार. ते थांबलेही. मग डोळे बारीक करून सरळ त्या गर्दीत शिरले.

"ओ, गाठोड्यात काय?" एकाने अडवलं.

"कोट," साहेब म्हणाले. 

"कसले कोट?"

"बंबवाल्यांचे," मी म्हटलं. "तिकडे आग लागलीय. माझा भाऊ आहे आत."

त्याने मागे वळून हाक मारली, "बंबवाल्यांची माणसं आहेत, वाट द्या." आणि वाट झाली. दोघेजण गिरणीच्या दारापर्यंत आमच्या पुढे चालत आले.

दादा आवारात बंबापाशी उभा राहून पाणी पीत होता. तोंड काळं, पण धड. मला बघून चिडला. "तू कशाला आलीस इथे?" साहेबांनी गाठ सोडून एक कोट त्याच्यापुढे धरला. दुसरा त्याच्या जोडीदाराने घेतला आणि अंगावर चढवला. दादाने आपल्या कोटाचं वरचं बटण काढलंही होतं. तेवढ्यात ब्लोरूमकडून कोणीतरी ओरडत आलं, की यंत्रांना तेल घालणारा म्हातारा आतच राहिलाय. हरताळ म्हणून खातं बंद, आणि हा मागच्या कोपऱ्यात झोपलेला. दादाने बटण परत लावलं आणि पळाला. जोडीदार त्याच्या मागून.

साहेब तो कोट तसाच दोन्ही हातांत उघडा धरून उभे राहिले. दादा आत आहे तोवर त्यांनी हात खाली केले नाहीत. मी दाराकडे बघत होते. धुरात काही दिसत नव्हतं. माझ्या हातात घड्याळ नव्हतं, आणि काढा म्हणायलाही कोणी नव्हतं.

ते दोघं बाहेर आले. मध्ये म्हातारा, त्याचे पाय फरफटत. म्हातारा जिवंत होता. दादाचा कोट काळवंडला होता, पण कुठे फाटला नव्हता, कुठे जळला नव्हता. जवळच उभा असलेला गिरणीचा एक अधिकारी म्हणाला, "बघा, धागा पेटलेला नाही." साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. दादा हसत होता. मग त्याने कोट काढायला दंड मागे नेला आणि हसता हसता खाली बसला.

खांद्यांवरून, पाठीवरून बनियन कातडीला चिकटलं होतं. कोणीतरी ते ओढायला गेलं तर साहेब मध्ये आले. "हात लावायचा नाही. पाणी आणा. गार पाणी, हळू." कोणी तेलाची बाटली घेऊन धावत आलं. साहेबांनी तिला हात आडवा केला. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. शेजारी जोडीदार उभा होता, कांबळ्याचा कोट काढून, घामाने निथळत. त्याच्या अंगावर साधी लाली होती. दोघं एकाच आगीतून, एकाच वेळी आले होते. साहेबांनी एकदा ह्याच्या पाठीकडे बघितलं, एकदा त्याच्या, आणि तोंडावर हात घेतला. इतके दिवस ते जे सिद्ध करायला धडपडत होते, ते त्यांच्यापुढे मांडून ठेवलेलं होतं.

पुढे मालकांनी सुचवलं, की अहवालात ह्या दोघांचा उल्लेख करा, गिरणीवाल्यांची तोंडं बंद होतील. साहेब म्हणाले, "ती माणसं आहेत. नमुने नाहीत." 

दादा इस्पितळात खूप दिवस होता. पहिल्या आठवड्यात तो वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. साहेब रोज संध्याकाळी येत. पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसत. आई आधी त्यांच्यावर रागावलेली होती. तिला वाटायचं कोट त्यांनीच दिला. मी समजावल्यावर ती त्यांना रोज पेज द्यायला लागली, आणि ते ती गार झाल्यावर पीत. दादा बोलायला लागला तसा त्यांची थट्टा करायला लागला. "साहेब, आज कोणाची बाही धरलीत?" साहेब प्रामाणिकपणे सांगत.

एक दिवस त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "एक विचारू का? राग मानू नका. चटका कधी बसला? आत गेल्यावर लगेच, की म्हातारा सापडल्यावर?"

दादाने आठवून बघितलं. "नाही सांगता येत."

"साधारण?"

"साहेब, बसलाच नाही. म्हणजे बसला असेल. आत धुरात तो म्हातारा खोकताना ऐकू येत होता, नि कुठे आहे ते दिसत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्याच्या खोकल्याकडे. बाहेर येऊन कोट काढेपर्यंत मला काही कळलंच नाही."

 साहेब उठले आणि नमस्कार न करताच निघून गेले. मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. ते कठड्याला धरून उभे होते.

"बाई, मी इतकी वर्षं चुकीचं मोजलं," ते म्हणाले. "माझा हात चटक्याची वाट बघत असतो. त्याला दुसरं कामच नसतं. आगीत गेलेला माणूस कशाला वाट बघेल? त्याच्यापाशी ती मधली जागा नाहीच."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन काम काढलं. तांब्याची एक लहान चकती, तिला तारा, तारांना काटा असलेलं यंत्र. हाताऐवजी कापडामागे चकती ठेवायची आणि काटा किती सरकतो ते बघायचं. ही चकती त्यांच्या मनात फार आधीपासून होती. पण काटा कुठे पोचला म्हणजे माणसाला फोड येतो, ते कोणी सांगायचं? त्यासाठी एकदा हात आणि चकती शेजारी शेजारी ठेवावी लागणार होती. आणि ह्या वेळी चटक्यापर्यंत नाही, फोडापर्यंत.

मी नाही म्हटलं. सरळ सांगितलं, की मी घड्याळ धरणार नाही. ते म्हणाले, "मग शिपायाला सांगतो." शिपायाला तो अंगठा ठाऊक नव्हता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी कबूल झाले.

त्या दिवशी दादा आला होता. इस्पितळातून सुटल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडलेला. उजवा दंड खांद्याच्या वर जात नव्हता, तो पुढे कधीच गेला नाही. साहेबांनी बाही वर केलेली बघून त्याला सगळं समजलं.

"साहेब, माझ्यावर बघितलंत ना? मग परत कशाला?"

"तुमच्यावर घड्याळ लावलेलं नव्हतं," साहेब म्हणाले. हे ते निर्दयपणे बोलले नाहीत. ते त्यांना खरोखर तसं वाटत होतं.

बर्नर पेटला. थोड्याच वेळात अंगठा वर आला. "आला," साहेब म्हणाले. मी गप्प राहिले. काटा सरकत होता. साहेबांनी उजव्या हाताने टेबलाची कड धरली. दादा माझ्या शेजारी उभा होता. मी त्या कातडीकडे बघत होते. लाल, मग जास्त लाल, मग मध्ये एक पांढरा ठिपका. मी "काढा" म्हटलं, पण आवाज माझ्या घशातून निघाला नाही. तो दादाचा निघाला.

काटा जिथे होता तिथे साहेबांनी तांबड्या रंगाने एक रेघ ओढली. मग त्यांनी हात पाण्यात बुडवला आणि आम्हाला पाठ करून उभे राहिले. त्यानंतर त्या चौकटीमागे कोणाचा हात गेला नाही. त्यांची बहीण पुढे मला भेटली तेव्हा तिने ह्याबद्दल काही विचारलं नाही, पण माझ्या ओंजळीत अबोलीचा गजरा ठेवला.

कांबळ्याचा कोट गिरणीने घेतला तो काही आमच्या अहवालामुळे नाही. दादाच्या जोडीदाराने आणि बाकीच्या बंबवाल्यांनी सांगितलं, की आम्ही दुसरा घालणार नाही. उकाड्यात ते सगळे शिव्या देत तो घालत, आणि शिव्या साहेबांच्या नावाने देत. दादाला बंबावरून काढून दारावर बसवलं. त्याला ते लागलं, पण त्याने नोकरी सोडली नाही.

महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. त्या संध्याकाळी आमची चाळ दिव्यांनी भरली होती, आणि दादा डावा हात वर करून ओरडत होता. साहेब तेव्हा निवृत्त झाले होते. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. गिरगावातून सकाळी निरोप आला. झोपेतच गेले. मी त्यांच्या बहिणीपाशी जाऊन बसले. दादा आणि बंबखात्यातली माणसं गिरणीतून परस्पर चंदनवाडीच्या स्मशानात गेली.

दादा परतला तेव्हा त्याचे कपडे ओले होते. आईने त्याला बाहेरच पाणी दिलं. तो उंबऱ्याशीच बसला. मी विचारलं, सगळं नीट झालं का.

"झालं," तो म्हणाला. "अग्नी दिल्यावर वारा फिरला. आणि लोक तर अगदी जवळ उभे. धोतरं, उपरणी, कशाचं भान नाही. मी नि आमची माणसं पुढे झालो, सगळ्यांना मागे घेतलं. म्हटलं, मागे व्हा, कपडे सांभाळा. भटजींनापण सांगितलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसरं काय करणार होतो गो, बाय, मी तिथे?"